शेरा

बँकेच्या फॉर्मवर सव्वीस रकाने आहेत.
चटईक्षेत्र, बांधकामाचं वर्ष, लिफ्ट असल्यास कंपनी,
पूर्वेस काय, पश्चिमेस काय.
पश्चिमेस मी लिहितो : समुद्र.
त्याची हद्द कुणी मोजून मागत नाही.

हर्णैला पहिल्यांदा आलो तेव्हा
सरफराज मुकादमची इमारत नुकती जोत्यावर आली होती
आणि मी नकाशा मांडीवर घेऊन वजाबाकी करत होतो.
चारी बाजूंनी साडेतीन फुटांचा छज्जा : विक्रीयोग्य नाही.
जिन्याच्या दर वळणावर जांभ्याचा कट्टा : विक्रीयोग्य नाही.
मागे, वाऱ्याच्या उतरत्या अंगाला,
मासळी साफ करायचा ओटा, त्याला नळ आणि उतार :
याला तर रकानाच सापडेना.
एका फणसासाठी कुंपण नऊ फूट आत घेतलं होतं.
मी विचारलं, हे नक्की ठरलंय ना?

शाल्मली नाबर, आर्किटेक्ट, मूळची वेंगुर्ल्याची,
नकाशाच्या कोपऱ्यांवर चिऱ्याचे तुकडे ठेवत म्हणाली,
"इथला पाऊस वरून पडत नाही हो, आडवा येतो.
भिंतीला छत्री नको?"
मुकादम तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

मी दर लावला.
शेजारच्या 'ओशन पर्ल'पेक्षा चौरस फुटामागे दोनशे दहा रुपये कमी.
ओशन पर्लला समुद्राकडे अख्खी काच होती
आणि माहितीपत्रकावर सूर्यास्त.
कर्ज कमी मंजूर झालं.
मुकादमने होडीतला हिस्सा विकला, असं नंतर कानावर आलं.
छज्जा मात्र अर्ध्या फुटानेही कापला नाही.

आज नऊ वर्षांनी त्याच फाटकातून आत.
दुसरा मजला, जुना फ्लॅट, नवी कर्जदार :
रेश्मा दोरकुळकर, व्यवसाय मासळी.
संध्याकाळच्या लिलावात हिचा आवाज
शेवटच्या होडीपर्यंत पोचतो.
ठरलेली किंमत तिने सांगितली, मी पेन थांबवलं.
"ओशन पर्लमध्ये चार लाखांनी स्वस्त आहे," मी म्हणालो.

"गेलेवते बघायला.
भरदुपारी पडदे ओढून एसी लावून बसलेत.
समुद्र दिसायचे पैसे भरले
आणि समुद्रच झाकून ठेवला.
पापलेट धुतलं तर सोसायटीची नोटीस.
मी दिवसभर उभी असते साहेब,
मला जिन्यात मध्येच बसायला लागतं."

सुरमई घेताना ती कल्ला उचलून बघते.
घराचा कल्ला कुठे असतो?
तिने खिडकीखालच्या भिंतीवर तळवा टेकला,
मग मला म्हणाली, टेका.
ऑगस्टचा तिसरा आठवडा.
भिंत कोरडी होती.

खाली मुकादम भेटला, तळमजल्यावरच राहतो.
बर्फाचा कारखाना चालवतो आता, इमारती नाही.
"माझा हिशोब कसाबसा बरोबरीत सुटला," म्हणाला,
"वरचे पैसे दुसऱ्यांदा विकणाऱ्यांना मिळाले."
राग नव्हता आवाजात. चहा मागवला.
त्या जुन्या अहवालाखाली सही कुणाची
हे त्याला आठवत असावं.
मला आठवत होतं.

कट्ट्यावर बसूनच फॉर्म पुरा केला.
शेजारी एक मुलगा पाढे पाठ करत होता,
भिंतीतल्या जाळीतून वारा येऊन
माझे कागद उलटे करत होता.
इमारतीचं उर्वरित आयुष्य : मागच्यापेक्षा जास्त लिहिलं,
असं करता येत नाही खरं तर.
शेऱ्याला दीड ओळ जागा असते.
लिहिलं : छज्जा साडेतीन फूट. भिंत कोरडी.
खाली आकडा.

रेश्माने तो उलटा वाचला,
टोपली उचलता उचलता म्हणाली,
"कमीच बोललात."